४७ ठोकळ्यांची पेटी: घरच्या वर्कशॉपसाठी ग्रेड २ चा स्लिप गेज सेट

घरात लेथ किंवा मिलिंग मशीन असेल आणि आपल्याच मापांवर सतत शंका येत असेल, तर आणखी एक मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून जाडी मोजायचं साधन) घेण्याआधी स्लिप गेजची, म्हणजे एकमेकांना जोडून हवं ते माप करता येणाऱ्या अचूक लांबीच्या ठोकळ्यांची, पेटी घ्या. माझं मत आधीच सांगून टाकते, पुढे सगळी त्याची कारणं आहेत. ४७ ठोकळ्यांचा, स्टीलचा, ग्रेड २ चा मेट्रिक सेट बराच काळ माझ्या वर्कबेंचवर आहे. ज्या वस्तूंनी माझं काम खरोखर सुधारलं त्यांत ही पेटी पहिल्या दोनांत येते. दुसरी वस्तू म्हणजे ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, मोजताना आधाराला लागणारी अगदी सपाट फरशी. त्यातली एक नसेल तर दुसरीचा निम्माच उपयोग होतो.

असे सेट साधारण एकसारख्याच लाकडी पेटीत, वेगवेगळ्या नावांची लेबलं लावून विकले जातात. त्यामुळे लेबलापेक्षा ग्रेड, सेटमधली मापं आणि सोबत येणारा कागद यांबद्दल बोलणं जास्त उपयोगाचं.

मी वाफेची छोटी इंजिनं बनवते. २० मिलिमीटरचा पिस्टन, त्याला बेताची फट ठेवून बसणारा सिलिंडर, ८ मिलिमीटर बोअरच्या बेअरिंगमध्ये जाणारा शाफ्ट, अशी कामं. शाफ्ट बोटाने सरकवून आत जाणार की दाबून बसवावा लागणार, हे एक शतांश मिलिमीटरच्या आत ठरतं. मायक्रोमीटर ७.९९ म्हणतो तेव्हा ते खरंच ७.९९ आहे का, हा प्रश्न त्यामुळे मला रोज पडतो. शून्य जुळलं की मायक्रोमीटर बरोबर, असं पुष्कळ जण धरून चालतात. पण शून्य हा एकच बिंदू आहे. पुढच्या २५ मिलिमीटरमध्ये स्क्रूची काय अवस्था आहे, हे शून्यावरून कळत नाही. ते कळायला खात्रीच्या लांबीची वस्तू हातात लागते, आणि एक नाही, अनेक लांबींची लागते.

पेटीत १.००५ चा एक ठोकळा आहे, १.०१ ते १.०९ असे नऊ, १.१ ते १.९ असे नऊ, १ ते २४ पर्यंत पूर्ण मिलिमीटरचे चोवीस, आणि मग २५, ५०, ७५ व १००. हवं ते माप घ्यायचं आणि शेवटच्या आकड्यापासून एकेक आकडा संपवत डावीकडे यायचं. समजा ४१.२८५ हवं आहे. १.००५ घेतला की ४०.२८ उरतं, १.०८ घेतला की ३९.२, १.२ घेतला की ३८, आणि ३८ म्हणजे १३ अधिक २५. पाच ठोकळ्यांत माप तयार.

ही कल्पना कार्ल एडवर्ड योहान्सन या स्वीडिश कारागिराची. तो एस्किलस्टुना इथल्या सरकारी बंदूक कारखान्यात होता. तिथे प्रत्येक मापासाठी वेगळा गेज ठेवावा लागे आणि गेजांचा नुसता ढीग होई. मोजके ठोकळे जोडून हवं ते माप करता येईल, हे त्याला १८९६ मध्ये सुचलं आणि १९०१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच्या पहिल्या सेटमध्ये १०२ ठोकळे होते आणि त्यांतून १ पासून २०१ मिलिमीटरपर्यंत शतांशाच्या टप्प्याने २०,००० मापं जुळत. ठोकळ्यांना शेवटचा हात देण्यासाठी त्याने घरातलं बायकोचं शिवणयंत्र घासायच्या यंत्रात बदलून घेतलं होतं. ज्या वस्तूवर पुढे जगभरातल्या कारखान्यांची मापं उभी राहिली, ती अशी एका घरात घासली गेली. घरच्या वर्कशॉपमध्ये काम करणारी बाई म्हणून मला या गोष्टीचा फार आनंद होतो.

आता ग्रेड. आयएसओ ३६५० या आंतरराष्ट्रीय मानकात के, ०, १ आणि २ असे चार दर्जे आहेत. ग्रेड २ मध्ये १० मिलिमीटरपर्यंतच्या ठोकळ्याला ०.४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इकडे-तिकडे चालतं, १० ते २५ पर्यंत ०.६०, आणि १०० च्या ठोकळ्याला १.२ मायक्रॉन. ग्रेड ० मध्ये हेच आकडे ०.१२, ०.१४ आणि ०.३० आहेत. कागदावर हा फरक मोठा दिसतो आणि म्हणूनच नवखे लोक ग्रेड ० च्या मागे लागतात. पण आपण तपासणार काय, ते बघा. ० ते २५ च्या चांगल्या मायक्रोमीटरला डीआयएन ८६३ या जर्मन मानकाप्रमाणे ४ मायक्रॉनपर्यंत चूक माफ आहे. ज्याने तपासायचं ते, ज्याला तपासायचं त्याच्यापेक्षा निदान चौपट अचूक असावं, हा टूलरूमचा (कारखान्यातल्या हत्यारं आणि गेज बनवायच्या-तपासायच्या विभागाचा) जुना दंडक. ग्रेड २ चे दोन ठोकळे जोडले आणि दोघांची चूक एकाच बाजूला पडली, तरी लहान मापांत ती ०.९ मायक्रॉनच्या पुढे जात नाही. दंडक पाळला गेला. व्हर्नियरची (सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीची) तर गोष्टच सोडा, तिथे दोन-तीन शतांशांचा मामला असतो. घरच्या खोलीत, तापमान धरून ठेवायची सोय नसताना, ग्रेड ० चा फायदा पदरात पडतच नाही. याचं कारण पुढे तापमानाबद्दल लिहिताना येईलच.

पेटी हातात आली की लगेच मोजायला बसू नका, आधी पेटीचीच परीक्षा घ्या. ठोकळे गंजरोधक तेलात माखलेले येतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे केले. मग प्रत्येक ठोकळा दुसऱ्याला चिकटवून पाहिला. टूलरूममध्ये याला रिंगिंग म्हणतात. एक ठोकळा दुसऱ्यावर आडवा टेकवायचा, हलक्या दाबाने सरकवत फिरवायचा आणि दोघांच्या कडा जुळवायच्या. तोंडं सपाट आणि स्वच्छ असतील तर मध्येच एका क्षणी हाताला अडकल्यासारखं जाणवतं, आणि मग वरचा ठोकळा उचलला की खालचाही सोबत येतो. तिथे चुंबक नाही, गोंदही नाही. पृष्ठभागावर राहिलेला द्रवाचा अतिपातळ थर आणि दोन धातूंच्या रेणूंमधलं आकर्षण एवढ्यावरच ते धरून राहतात. मधल्या थराची जाडी मायक्रॉनच्या काही शतांशांइतकीच असते, म्हणून बेरीज करताना ती धरावी लागत नाही.

ही चाचणी फुकट होते आणि फसवत नाही. ज्या तोंडावर बर (वर उचललेला धातू) आहे, ओरखडा आहे किंवा जे नीट लॅप झालेलं (घासून सपाट केलेलं) नाही, ते चिकटत नाही. माझ्या पेटीतला १.०७ कशालाच धरेना. भिंगाखाली धरून, दिव्याच्या दिशेने तिरका करत पाहिला तेव्हा एका कोपऱ्याजवळ केसाएवढी चमकणारी रेघ दिसली. कडेवर काहीतरी आपटून धातू वर उचलला गेला होता. अशा वेळी पॉलिश पेपर अजिबात वापरायचा नाही, त्याने तोंड गोलावतं. अगदी सपाट, बारीक दाण्याचा घासदगड घ्यायचा, त्यावर ठोकळा जवळजवळ स्वतःच्याच वजनाने दोन-तीनदा सरकवायचा. उभा राहिलेला धातू तेवढा निघतो, बाकी तोंडाला धक्का लागत नाही. त्यानंतर १.०७ मुकाट्याने चिकटला. बाकीचे ठोकळे पहिल्याच प्रयत्नात बसले, आणि या दराच्या सेटमध्ये मी याहून जास्त मागणार नाही.

सोबतच्या कागदावर मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. त्यावर सेटचा क्रमांक, ‘तपासून योग्य’ असा शेरा आणि एक सही, एवढंच होतं. कुठला ठोकळा किती मायक्रॉनने कमी किंवा जास्त आहे याचा तक्ता नव्हता. ज्या कागदावर मोजलेले आकडे नाहीत, तो कागद सर्टिफिकेट म्हणून धरू नका. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला सरळ विचारा: प्रत्येक ठोकळ्याचं विचलन छापलेलं आहे का, आणि तपासणी आयएसओ/आयईसी १७०२५ (लॅबसाठीचं मानक) ची मान्यता असलेल्या लॅबमध्ये झाली आहे का. उत्तर गुळमुळीत आलं तर सेट वाईटच असेल असं नाही, पण पडताळणी तुम्हाला करावी लागणार.

ती घरीही बरीचशी करता येते. सरफेस प्लेटवर स्टँडला लिव्हर डायल (छोट्या दांडीची हालचाल काट्याने दाखवणारा गेज, एका घराला एक मायक्रॉन) लावला. २५ चा ठोकळा खाली सरकवून डायल शून्यावर आणला, मग त्याच जागी २४ आणि १ ची जोडी ठेवली. नंतर ५० विरुद्ध २५, २४ आणि १. मग १०० विरुद्ध ७५ आणि २५. काटा कुठेही एका घरापलीकडे हलला नाही. ग्रेड २ च्या सवलतीत हे आरामात बसतं.

पण इथे एक मेख आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. या बेरजांवरून ठोकळे आपापसांत प्रामाणिक आहेत एवढंच सिद्ध होतं. समजा सगळेच ठोकळे एकाच प्रमाणात लांब असते, तर प्रत्येक बेरीज तरीही तंतोतंत जुळली असती. म्हणून बाहेरचा एक तरी साक्षीदार हवाच. ओळखीच्या एका टूलरूममध्ये लॅबने तपासलेला ग्रेड ० चा सेट होता. तिथे माझा २५ आणि १०० नेऊन त्यांच्या ठोकळ्यांशेजारी ताडून घेतला. दोन्ही आपल्या मर्यादेत निघाले, आणि आपसांतल्या बेरजा आधीच जुळलेल्या असल्यामुळे बाकीच्या पेटीवरही विश्वास बसला.

बेअरिंगवर मायक्रोमीटर तपासा, असा सल्ला नेहमी दिला जातो. कामचलाऊ म्हणून तो वाईट नाही, पण त्याची मर्यादा माहीत असू द्या. ६०८ क्रमांकाच्या साध्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर लिहिलेला असतो, आणि सर्वसाधारण दर्जात तो शून्य ते ९ मायक्रॉन लहान असू शकतो. म्हणजे व्हर्नियरची मोठी गडबड त्यावर पकडता येईल. ४ मायक्रॉनचा मायक्रोमीटर ९ मायक्रॉनच्या अनिश्चित वस्तूवर कसा तपासणार?

मायक्रोमीटर हाच या पेटीचा खरा मानकरी. मी तपासणीची सुरुवात कोऱ्या कागदाने करते. ॲन्व्हिल (स्थिर टोक) आणि स्पिंडल (स्क्रूने सरकणारं टोक) यांच्या मध्ये कागद हलका धरायचा आणि ओढून काढायचा, म्हणजे दोन्ही तोंडांवरची धूळ आणि तेल निघून जातं. मग शून्य बघायचं. त्यानंतर ही मापं क्रमाने घ्यायची: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५.०. ही यादी विचित्र वाटेल, पण तिच्यात शहाणपण आहे. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा आटा ०.५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका फेऱ्यात स्पिंडल तेवढाच सरकतो, आणि थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) ५० घरं असतात. तुम्ही ५, १०, १५, २० अशी गोल मापं घेतलीत तर थिंबल दर वेळी फिरून शून्यावरच थांबतं आणि एका फेऱ्याच्या आतली चूक दिसतच नाही. वरच्या मापांत थिंबल ०, १०, २०, ३०, ४० अशा वेगवेगळ्या घरांवर थांबतं. स्क्रूची लांबी तपासली जाते आणि फेराही. ही सगळी मापं ४७ च्या सेटमधून जास्तीत जास्त दोन ठोकळ्यांत होतात. १२.९ म्हणजे ११ आणि १.९, २२.८ म्हणजे २१ आणि १.८. याच कारणासाठी मी ४७ च्या सेटची शिफारस करते.

माझ्याकडे बाबांचा जुना मायक्रोमीटर आहे, स्लीव्हवर (थिंबलच्या आतल्या स्थिर नळीवर) एक मायक्रॉनपर्यंत वाचता येणारा. बाबा इन्स्पेक्शनला होते आणि त्यांच्या टेबलावर १२-१३ मिलिमीटरच्या पिनांचा अखंड ओघ असायचा. या मायक्रोमीटरचं शून्य चोख आहे, २५ ला तो चोख आहे. ७.७ पर्यंत एखाददुसऱ्या मायक्रॉनचा फरक. १०.३ ला तो ०.००३ कमी दाखवायला लागतो, १२.९ ला १२.८९४ वाचतो, १५ ला थोडा सावरतो आणि २० च्या पुढे पुन्हा ताळ्यावर येतो. स्क्रूचा नेमका तेवढाच भाग झिजला आहे. मोजताना वस्तू स्पिंडलला मागे रेटते, आट्याची त्या बाजूची भिंत झिजते, आणि मग तीच वस्तू पकडायला थिंबल थोडं जास्त फिरवावं लागतं. माप कमी दिसतं ते म्हणून. शून्य नव्याने लावून हे दुरुस्त होत नाही. उलट शून्य हलवलं तर आज चोख असलेली टोकंही बिघडतील. मी या मायक्रोमीटरचा तक्ता करून त्याच्या डबीच्या झाकणात चिकटवला आहे आणि २० ते २५ च्या कामाला तो बिनधास्त वापरते. पिस्टनला बाबांचा मायक्रोमीटर, शाफ्टला दुसरा. स्लिप गेज नसते तर अत्यंत उत्तम अवस्थेत दिसणाऱ्या या वस्तूचं दुखणं मला कधीच कळलं नसतं.

ॲन्व्हिल आणि स्पिंडलची तोंडं समांतर आहेत का, हे लॅबमध्ये ऑप्टिकल पॅरलल (समांतर तोंडांची काच) लावून, काचेवर उमटणाऱ्या रंगीत पट्ट्या मोजून बघतात. घरी बेअरिंगची एक चांगली गोळी पुरते. गोळी तोंडाच्या मध्यभागी धरून वाचायचं, मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. गोळ्यांच्या दर्जांतल्या ग्रेड १० च्या गोळीची गोलाई पाव मायक्रॉनच्या आत असते, त्यामुळे वाचनात फरक पडला तर तो तोंडांचा. सपाट ठोकळ्याने हा दोष सापडत नाही, तो दोन्ही तोंडांच्या उंच जागांवर टेकून बसतो. या एका कामाला पेटी कमी पडते.

व्हर्नियर तपासताना मी दोनच गोष्टींवर जोर देते. जबडे मिटून दिव्यासमोर धरले की काही मायक्रॉनची फटही प्रकाशाच्या रेघेसारखी दिसते. ती रेघ टोकाकडे रुंद होत असेल तर जबडे झिजलेत. दुसरं, तोच ठोकळा आधी पट्टीजवळ आणि मग जबड्यांच्या टोकाला धरून मोजायचा. दोन वाचनांत फरक येणारच, प्रश्न किती येतो हा आहे. अर्न्स्ट ॲबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८९० मध्ये मांडलं होतं की मोजायची लांबी आणि मोजपट्टी एकाच रेषेत असावी. मायक्रोमीटरमध्ये ती असते, व्हर्नियरमध्ये नसते. सरकता जबडा जरा सैल असला की तो कलतो, आणि पट्टीपासून जितकं दूर जाल तितकी चूक वाढते. माझ्या डिजिटल व्हर्नियरवर ५० चा ठोकळा पट्टीजवळ ५०.०० वाचायचा आणि टोकाला जरा जोर दिला की ४९.९५. स्क्रीनवर शतांश दिसतात म्हणून शतांश खरे असतात असं नाही. वरच्या कडेचे दोन बारीक स्क्रू थोडे आवळल्यावर फरक दोन शतांशांवर आला. आतले जबडे आणि मागची खोलीची पट्टी वेगळी तपासा, बाहेरचे जबडे बरोबर आले म्हणून ती दोन्ही बरोबर असतील असं मुळीच नाही. खोलीच्या पट्टीसाठी सरफेस प्लेटवर एकाच मापाचे दोन आधार आणि मध्ये मोकळी जागा लागते, आणि सेटमध्ये एका मापाचा एकच ठोकळा असतो. म्हणून १० चा ठोकळा एका बाजूला आणि ९ व १ ची जोडी दुसऱ्या बाजूला ठेवते.

डायल गेजला १.०१ ते १.०९ चे ठोकळे म्हणजे आयत्या पायऱ्या. १.०० वर शून्य, मग एकेक ठोकळा खाली सरकवत दहा-दहा मायक्रॉनने वर जायचं आणि तसंच खाली यायचं. चढताना आणि उतरताना एकाच ठोकळ्यावर वेगळं वाचन येत असेल तर आत घर्षण आहे किंवा दात्यांत मळ. लिव्हर डायलबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. त्याचा लिव्हर पृष्ठभागाशी ३० अंशांत कलता ठेवलात तर ०.१० दाखवल्यावर खरी हालचाल ०.०८७ च असते. हा डायलचा दोष नाही, तुमच्या मांडणीचा आहे. लिव्हर शक्य तितका आडवा ठेवा. पण ठोकळा आणि जॉब (मोजायचा तुकडा) शेजारी शेजारी ठेवून काटा त्याच घरावर आणायचा असेल तर या सगळ्याची काळजीच उरत नाही. डायलने लांबी मोजण्याऐवजी नुसती तुलना करायची आणि लांबी ठोकळ्यांकडून घ्यायची. घरच्या वर्कशॉपमध्ये मिळू शकणारं सर्वात खात्रीचं माप या पद्धतीने मिळतं. पिस्टनची शेवटची मापं मी अशीच घेते.

तापमान. मापांचं जागतिक संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस आहे, १९३१ पासून. स्टील दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे १०० चा ठोकळा ३० अंशांत साडेअकरा मायक्रॉन लांब झालेला असतो. हे वाचून घाबरू नका. जॉबही स्टीलचा असेल आणि दोन्ही एकाच तापमानाला असतील तर दोन्ही सारखेच वाढतात आणि तुलना बरोबर येते. खरा घोटाळा हाताने होतो. २५ चा ठोकळा बोटांत धरून पाच अंशांनी तापला की जवळजवळ दीड मायक्रॉन वाढतो, म्हणजे ग्रेड २ च्या सगळ्या सवलतीच्या दुपटीहून जास्त. ग्रेड ० वर पैसे घालून तो असा हातात धरला तर काय उपयोग? ठोकळे, मायक्रोमीटर आणि जॉब सरफेस प्लेटवर एकत्र ठेवून द्यायचे, चहापाणी उरकून यायचं आणि मग मोजायचं. नुकताच लेथवरून काढलेला गरम जॉब कधीच मोजू नये. ॲल्युमिनियमचा विस्तार स्टीलच्या दुप्पट असतो, त्यामुळे खोली ३० अंशांवर असताना १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा स्टीलच्या ठोकळ्यांशी ताडला तर तो साधारण साडेअकरा मायक्रॉन मोठा भासतो. पिस्टन ॲल्युमिनियमचे बनवत असाल तर हा हिशेब वहीत लिहून ठेवा.

काही साधनांना या पेटीची गरजच नाही. गुण्या सरफेस प्लेटवर किंवा सरळ कडेला टेकवून रेघ मारा, उलटा करून त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ मारा. दोन रेघांमधली फट म्हणजे चुकीची दुप्पट. स्पिरिट लेव्हल १८० अंशांत फिरवली की तिचाही खोटेपणा तसाच दुप्पट होऊन समोर येतो.

निगा राखणं मात्र जिकिरीचं आहे आणि ते करायची तयारी नसेल तर पेटी घेऊ नका. बोटांच्या घामाने स्टीलवर डाग पडतो, आणि तो डाग म्हणजे पृष्ठभागाची कायमची हानी. काम झालं की ठोकळे वेगळे करायचे. चिकटवलेले तसेच बरेच दिवस राहिले तर सुटता सुटत नाहीत आणि ओढताना तोंडं खराब होतात. मग पुसायचे, तेलाचा पातळ हात द्यायचा आणि पेटीतल्या आपापल्या घरात परत ठेवायचे. पेटीच्या लाकडी घरांना आतून मखमली कापड आहे आणि ते मला पटलेलं नाही. दमट हवेत ते ओल धरतं आणि ठोकळ्याच्या खालच्या तोंडाशी नेमकी तीच ओल राहते. मी ते काढून टाकलं आणि प्रत्येक घरात तेल लावलेल्या कागदाची पट्टी घातली. झाकणाचा कडीकोयंडाही नाजूक आहे. पेटी उचलताना खालून दोन्ही हात लावा.

सिरॅमिकचे ठोकळे गंजत नाहीत आणि झिजतातही कमी. परवडत असतील तर घ्या, निगेचा अर्धा त्रास वाचेल. ३२ ठोकळ्यांच्या सेटमध्ये पूर्ण मिलिमीटरचे ठोकळे ९ पर्यंतच असतात, मग १०, २०, ३० आणि ६०. मापं सगळी होतात पण ठोकळे जास्त जोडावे लागतात, आणि प्रत्येक जोडणीबरोबर चूक आणि कटकट दोन्ही वाढतात. ८७ चा सेट रोज तपासणी करणाऱ्यांसाठी आहे. जुना, वापरलेला ग्रेड ० चा सेट मिळत असेल तर आधी १, २, ५, १० असे सर्वाधिक हाताळले जाणारे ठोकळे चिकटवून बघा. झिजलेला ग्रेड ० नव्या ग्रेड २ पेक्षा चांगला असेलच असं नाही. आणि ज्यांचं काम वेल्डिंग, ग्रिल, स्टँड अशा प्रकारचं आहे, जिथे अर्धा मिलिमीटर खपतो, त्यांनी या पेटीवर एक पैसाही घालू नये.

माझ्या पेटीची पुढची तपासणी मान्यताप्राप्त लॅबकडूनच करून घेणार आहे, पण ४७ ठोकळे पाठवणार नाही. १, १०, २५, ५० आणि १०० एवढेच जातील आणि त्यांचे मोजलेले आकडे कागदावर मागून घेईन. बाकीचे त्यांच्याशी सरफेस प्लेटवर ताडून माझा तक्ता मीच भरेन, १.०७ पासून सुरुवात करून.